तीन चाळीसची बस

ओगिनोमेसान जन्माचे भित्रे. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही. सत्तावीस वर्षं तोंडावर सांगत आले आहे, आणि तेही "खरंय हो, फुमिएसान," म्हणत मान डोलावत आले आहेत. शिबाहारा स्टेशनवरून योकोसावाला येणारी बस ते चालवतात. योकोसावाला डांबरी रस्ता संपतो आणि तोबिमिने डोंगराची पायवाट सुरू होते. तिथेच माझं दुकान. सोबाच्या शेवया, उकळत्या रश्श्यातला मुळा आणि अंडी, भाताचे गोळे, अस्वलाला चाहूल लागावी म्हणून पाठपिशवीला बांधायच्या घंटा, एवढाच माझा पसारा.

सकाळी तीन फेऱ्या माणसं आणून सोडतात, दुपारी दोन फेऱ्या त्यांना परत नेतात. नोव्हेंबर लागला की शेवटची बस तीन चाळीसला. ती गेली की योकोसावाला मी, माझी चूल आणि माकडं.

ओगिनोमेसान आधी दुधाचा ट्रक चालवायचे. तो सोडून ही बस का धरली म्हणून विचारलं तर म्हणतात, "एकच रस्ता आहे. चुकायची भीती नाही." वळणावळणाला पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखून ते मोठ्याने म्हणतात, "डावीकडे ठीक. उजवीकडे ठीक." आमच्याकडचे सगळेच ड्रायव्हर म्हणतात, पण यांच्या तोंडून ते देवाचं नाव घेतल्यासारखं येतं. वादळाला भितात, माकडांना भितात, कंपनीकडून आलेल्या साध्या पाकिटाला भितात. शिबाहाऱ्यात त्यांच्या बायकोचं केस कापायचं दुकान आहे. ती गिऱ्हाइकांना सांगते, "आमच्या घरात रात्री उंदीर वाजला तर मी उठते."

पण सगळ्यात जास्त भितात ते डोंगराला. इतक्या वर्षांत दुकानापलीकडे पायवाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या लाकडी तोरणाच्या आत त्यांनी एक पाऊल टाकलेलं नव्हतं. "मी माणसं इथवर आणतो. पुढचं डोंगराचं," असं म्हणायचे, आणि मग दिवसभर त्या माणसांच्या काळजीने वाळायचे. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, टोप्या राहतात. दोन पिवळ्या, एक निळी, एक गवती, असं सकाळी मनात धरायचं आणि दुपारी एकेक जुळवायची. डब्यातला एक भाताचा गोळा सकाळी खायचे. दुसरा सगळ्या टोप्या बसमध्ये बसल्याशिवाय घशाखाली उतरायचा नाही.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," मी म्हणायची. "एक दिवस तरी सुखाने जेवा की."

"जेवतो ना. शिबाहाऱ्याला पोचल्यावर."

तो नोव्हेंबरातला पहिला बुधवार होता. सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, आणि बारा वाजता डोंगरावरून धुकं जे उतरलं ते माझ्या दारात येऊन बसलं. साडेतीनला दहा मिनिटं असताना बसमध्ये नऊ माणसं बसली होती. ओगिनोमेसान तोरणाकडे टक लावून उभे होते.

"तीन टोप्या राहिल्यात," ते म्हणाले. "लाल, करडी आणि हिरवी."

लाल आणि करडी लगेच आल्या. तिशीतले नवरा-बायको होते, पायांचं पीठ झालेलं. बायकोने आधी बसकडे वाकून नमस्कार केला, मग मला.

"मावशी, ड्रायव्हरसाहेबांना एक निरोप आहे. वर एक आजी भेटल्या, हिरव्या टोपीच्या. म्हणाल्या, मी पलीकडे ओदाइराला उतरते, तिकडून बस मिळेल, माझ्यासाठी कुणी थांबू नका. किती वेळा वाकल्या हो बिचाऱ्या."

"सुटलात," मी ओगिनोमेसानना म्हटलं. "खा आता तुमचा गोळा."

त्यांनी डब्याला हात लावला नाही. "ओदाइराची बस रविवारी बंद झाली. आता एप्रिलमध्ये."

"मग टॅक्सी करतील. शहाणीसुरती बाई आहे. थांबू नका म्हणून सांगितलंय, तर थांबणं म्हणजे त्यांना चारचौघांत लाजवणं."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

ओगिनोमेसान त्या बायकोकडे वळले. "कुठे भेटल्या?"

"जिझोच्या मूर्तीखाली. दगडावर बसल्या होत्या."

"तुमच्याशी बोलताना उठल्या?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. "नाही. बसूनच वाकल्या."

"एकट्या बसून काय करत होत्या?"

"देखावा बघत होत्या. म्हणाल्या, आज देखावा फार सुंदर आहे, थोडा वेळ बसते."

मी बाहेर बघितलं. माझ्या दारातून त्या घडीला बसचं मागचं टोकसुद्धा दिसत नव्हतं.

नवरा पुटपुटला, "माझ्या मनात आलं होतं. पण विचारणं बरं दिसलं नसतं." बायकोने तोंडावर हात घेतला.

मी चूक कुणाची म्हणायची? आम्ही असेच आहोत. पाय मोडला तरी समोरच्याला त्रास नको म्हणून देखावा बघतो म्हणायचं, आणि समोरच्याने ते खोटं आहे हे कळूनही वाकून निघून जायचं, कारण खोटं उघडं पाडणं हा त्याहून मोठा उद्धटपणा. मी त्यांच्या जागी असते तर मीही तशीच खाली आले असते.

तोरणापाशी एक पेटी आहे. वर जाणारा प्रत्येकजण नाव, वय, वाट आणि परतीची वेळ लिहून तीत चिठ्ठी टाकतो. आठवड्याच्या शेवटी त्या मी पोलिसांकडे देते, म्हणून किल्ली माझ्याकडे असते. धावत जाऊन उघडली. चिठ्ठी लगेच सापडली. नेगोरो साची, वय एकाहत्तर, एकटी. परत योकोसावा, तीन चाळीसची बस. संकटात कुणाला कळवायचं या रकान्यात बारीक, नीटनेटकी आडवी रेघ मारलेली. 

पोलिसांना फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. शोधपथक जमवायला आणि योकोसावाला पोचायला दीड तास तरी लागेल म्हणाला. धुक्यात तुम्ही कुणी वर जाऊ नका, हेही दोनदा सांगितलं. दीड तासाने काळोख पडणार होता. आदल्याच रात्री माझ्या बादलीतलं पाणी गोठलं होतं.

"बरोबर सांगतायत ते," ओगिनोमेसान म्हणाले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "फुमिएसान, तुमच्या यजमानांचे रबरी बूट आहेत का हो अजून?"

मला वाटलं, भीतीने माणसाचं डोकं फिरलं. "बस कोण नेणार?"

"बस नेऊन परत यायला सव्वा तास. तोवर उजेड संपेल."

ते बसमध्ये चढले. टोपी काढली. मी बसच्या दारातून बघत होते.  "आपली क्षमा मागतो," ते म्हणाले. "तीन चाळीसची बस तीन चाळीसला सुटणार नाही." मग कंबरेतून वाकले आणि वाकलेलेच राहिले.

त्या अकरा जणांना शिबाहारा स्टेशनवरून साडेचारची गाडी गाठायची होती. ती चुकली की पुढची थेट साडेसहाला. कुणी हूं की चूं केलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.  मग मागच्या बाकावरचा एक म्हातारा पिशवी चाचपत म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, डोक्याला बांधायचे दिवे आहेत माझ्याकडे. दोन आहेत."

लाल टोपीवाला नवरा बरोबर यायला उठला, तर उतरताना त्याचा पाय लटपटला. ओगिनोमेसाननी त्याला खाली बसवलं. "मला आणखी एक टोपी शोधायला लावू नका." त्याच्या बायकोला त्यांनी आपल्या जागेवर बसायला सांगितलं. "दर तीन मिनिटांनी हॉर्न दाबा. लांब. धुक्यात आम्हाला खालची दिशा कळेल." ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं म्हणून त्या पोरीने आधी आपले बूट काढले.

"आणि वाट?" मी विचारलं. "वाट कुठे ठाऊक आहे तुम्हाला?"

"तुम्हाला आहे ना," ओगिनोमेसान म्हणाले.

अळंबी गोळा करत मी त्या वाटेने शंभरदा गेले आहे. पण धुक्यात, सरत्या उजेडात, आणि पावलापावलाला दचकणारा माणूस पाठीशी घेऊन कधी नाही. तोरणापाशी ते थबकले. मी मागे वळून बघितलं नाही. लाजतील म्हणून नाही, मी बघितलं असतं तर आम्ही दोघं परतलो असतो म्हणून. मग माझ्या नवऱ्याचे बूट मागे वाजायला लागले. नऊ वर्षांनी तो आवाज ऐकला.

पहिला अर्धा तास बरा गेला. हॉर्न खालून ऐकू येत होता, आधी मोठा, मग दबका. मी घंटा वाजवत पुढे, ओगिनोमेसान मागून हाक मारत. "नेगोरोसान! नेगोरोसान!" आवाज चार हातांवर जाऊन विरायचा. देवदारांचे बुंधे एकदम समोर उभे राहायचे आणि तेवढ्याच वेळात नाहीसे व्हायचे. मग डाव्या अंगाला, अगदी जवळ, कुणीतरी जोराने श्वास सोडला. माणसाचा श्वास तेवढा मोठा नसतो.  ओगिनोमेसाननी माझी बाही धरली, घंटा माझ्या हातातून घेतली आणि वेड्यासारखी वाजवत सुटले. काटक्या मोडल्या, काहीतरी जड उतारावरून खाली गेलं. काय होतं ते आम्ही बघितलं नाही, आणि नंतरही त्यावर कधी बोललो नाही.

"परत जायचं का?" मी विचारलं. माझीच बोबडी वळली होती.

"मला जायचंय," ते म्हणाले. "फार जायचंय. चला पुढे."

वाटसरूंना सांभाळणाऱ्या जिझोची मूर्ती दिसली. तिच्या गळ्यात बांधलेलं लाल कापडाचं लाळेरं धुक्याने भिजून काळं पडलं होतं. खालचा दगड रिकामा होता.

मी दिवा फिरवला. काही नाही. हाका मारल्या, ओ नाही. आणखी वर गेलो, साखळी धरून खडक चढायचा असतो तिथवर. तिथेही काही नाही. हॉर्न ऐकू यायचा बंद झाला होता, डोंगराची सोंड मध्ये आली असावी. बर्फाचे बारीक कण पडायला लागले. बाई गेली, असं माझ्या मनाने घेतलं. उद्या सकाळी पथक येईल, आणि मी त्यांना ती चिठ्ठी देईन. परत जिझोपाशी आलो तेव्हा हॉर्न पुन्हा अगदी क्षीण ऐकू आला.

"ओगिनोमेसान, आता उतरू या. आपणच राहू इथे."

ते हलले नाहीत. श्वास लागलेला, चेहरा पांढराफटक. "ती ऐकतेय," ते म्हणाले.

"ऐकत असती तर ओ दिली नसती?"

"हॉर्न ऐकू येतोय ना इथे? मग तिलाही येतोय. आपल्यापायी अख्खी बस अडली हे तिला कळलंय. आता कुठल्या तोंडाने ओ देईल ती?"

मला वाटलं, यांना भास व्हायला लागले. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि जन्मात काढला नसेल एवढा आवाज काढला.

"नेगोरोसान! बस तुमच्यासाठी थांबलेली नाही! बस बिघडली आहे! इंजिन गेलंय! दुरुस्तीला माणूस येईपर्यंत सगळे असेच बसून आहेत! तुमच्यामुळे कुणाचा काही खोळंबा नाही!"

खालून हॉर्न वाजला. आम्ही श्वास धरून उभे राहिलो. मग वाटेच्या खालच्या अंगाने, बुटक्या बांबूंच्या गचपणातून, बारीक आवाज आला.

"खरंच बिघडली आहे?"

"अगदी बंद पडलीय!" ओगिनोमेसान ओरडले आणि बांबू मुठीत धरून उतारावर घसरत गेले. तिथे कडा होता की नुसता उतार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. बांबू हलताना दिसत होते, आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही.

नेगोरोसानचा घोटा दुपारीच मोडला होता. त्या दोघांना पुढे पाठवल्यावर बसल्या जागी गारठून मरू नये म्हणून बाई बुडावर सरकत उतरायला लागली आणि वाटेवरून खाली घसरली. आम्ही पहिल्यांदा हाका मारत वर गेलो तेव्हा ती आमच्यापासून दहा पावलांवर होती. तोंडात टोपी कोंबून बसली होती, आवाज निघू नये म्हणून. हे ऐकल्यावर मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि मिठी मारावीशीही.

ओगिनोमेसाननी तिला पाठुंगळी घेतलं. साठीच्या माणसाने एकाहत्तरीच्या बाईला, परक्या बुटांत, काळोखात. मी पुढून दिवा धरत, दगडादगडाला "इथे पाय, आता इथे" सांगत उतरत होते. बाईचे ओठ निळे पडले होते. ती क्षमा मागत होती, एकामागून एक, जप केल्यासारखी. मग आवाज मंदावला आणि बंद झाला. तीच घडी सगळ्यात वाईट होती.

"नेगोरोसान," ओगिनोमेसान धापा टाकत म्हणाले, "क्षमा पुरे. दुसरं काहीतरी बोला. झोपू नका."

आम्ही आणखी वीसेक पावलं उतरलो. मग ती म्हणाली, "मला फार भीती वाटली हो."

"मलाही. अजून वाटतेय. किती वाटली ते सांगा."

आणि ती सांगत राहिली. धुकं आलं तेव्हा किती, ते दोघं दिसेनासे झाले तेव्हा किती, पायाची जाणीव गेली तेव्हा किती. प्रत्येकावर ओगिनोमेसान "हो, हो, मलाही" म्हणत होते. तोरणापर्यंत तेच चाललं होतं.

बसचे दिवे लागलेले होते, इंजिन घुरघुरत होतं, काचांवर आतल्या उबेची वाफ. अकराही जण आपापल्या जागी बसलेले. बाईने मान वर करून ते चालतं इंजिन ऐकलं.

"बस बिघडलेली नव्हती. तुम्ही खोटं बोललात," ती ओगिनोमेसानच्या मानेपाशी म्हणाली.

"आधी तुम्ही बोललात."

ते ऐकून दिवेवाला म्हातारा दारात आला, आपल्या अंगातला कोट तिच्यावर घातला आणि गंभीरपणे म्हणाला, "आत्ताच दुरुस्त झाली बघा." मागून दहा माना डोलल्या. तेव्हा कुठे ती बाई लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली.

पथक वाटेतच भेटलं, पाय वाचला. कंपनीने ओगिनोमेसानकडून दोन तासांच्या उशिराबद्दल माफीपत्र लिहून घेतलं. त्यांनी ते तीनदा लिहिलं, पहिली दोन शाईने डागाळली म्हणून. माणूस काही शूर झाला नाही. तोरणाच्या आत त्यानंतर एकदाही गेले नाहीत, आणि माकड दिसलं की अजून खिडकी लावतात. एवढंच की योकोसावाला पोचल्यावर उतरणाऱ्यांना आता ध्वनिवर्धकावर सांगतात, "वर कुणी 'माझ्यासाठी थांबू नका' म्हणालं तर तीनदा विचारा." कंपनीने हे बंद करायला सांगितलंय. ते कंपनीला भितात, आणि तरी रोज सांगतात.

मी त्यांची यावरून पुष्कळ टिंगल केली. या जानेवारीपर्यंत केली.

हिवाळ्यात बस योकोसावापर्यंत येत नाही. मी दुकानामागच्या खोलीत एकटीच असते. एका शुक्रवारी दुपारी शटर वाजलं. चाकांना साखळ्या लावलेली छोटी गाडी घेऊन ओगिनोमेसान त्या बर्फातून आले होते. फोन उचलत नाही म्हणून.

"फुमिएसान, बऱ्या आहात का?"

"बरी आहे," मी अंथरुणातूनच ओरडले. "कशाला आलात? बर्फ वाढतोय, परत जा."

"बऱ्या आहात का?"

"सांगितलं ना एकदा! थोडं पडसं आहे. माझ्यासाठी थांबू नका."

 गाडीचं इंजिन चालू होतं. मला वाटलं, आता निघतील.

"बऱ्या आहात का?"

मंगळवारपासून मला चार पावलं चाललं की श्वास घेता येत नव्हता. रात्री दिवा मालवायची हिंमत होत नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हते.

"नाही," मी म्हणाले. आवाज फुटेना, म्हणून भिंत धरून शटरपर्यंत गेले आणि पत्र्याला तोंड लावून पुन्हा म्हणाले, "नाही. मला भीती वाटतेय. जाऊ नका, थांबा."